लाल गाडीतली शेजारची सीट

सुपडूचा फोन आला तेव्हा मी इतवाऱ्याच्या भाजीबाजारात गिलकी निवडत होते. सुपडू म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, अविनाशचा, लहानपणापासूनचा मित्र. यंत्रमागाचा फिटर आहे. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे फोनवरही तो ओरडूनच बोलतो. त्या सकाळी मात्र तो इतकं हळू बोलला, की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. "ताई, घरी या. अवी लेथजवळ बसला होता... आता उठून नाही राहिला." मी भाजीवालीला म्हटलं, अर्धा किलो पुरे. पिशवी घेतली आणि रिक्षा शोधायला लागले. रिक्षात बसल्यावरही मी मनात त्याला रागावतच होते, की डॉक्टरांनी सांगितलेलं असताना सकाळी सकाळी लेथ सुरू करायचं कारण काय. घरी पोचले, तेव्हा रागवायला कोणी उरलं नव्हतं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. आम्ही दोघंच होतो घरात. त्याचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि वह्या तपासण्याची सवय घरीही सुटली नाही. अवी "मले, तुले" बोलला की मी "मला, तुला" म्हणायचे. त्याने शर्ट पालथा वाळत घातला की मी सुलटा करायचे. तो हसायचा आणि पुन्हा "मले" म्हणायचा. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, होता. गावातल्या मागांचे सुटे भाग तो तिथे बनवायचा. हाताचा पक्का माणूस. लोखंडाचा तुकडा नुसता बोटांत फिरवून तो माप सांगे आणि मग मोजायचं ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

पन्नाशी उलटल्यावर या माणसाने इंदूरच्या एका हौशी गृहस्थाकडून जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, ठेंगणी, कापडी छपराची, आत दोनच माणसं बसतील अशी. गल्लीत ती शिरली तेव्हा अर्धी गल्ली दारात आली. मी म्हटलं, "ही खेळण्यातली आहे की खरी?" तो म्हणाला, "खरी आहे. पण झोपलेली आहे. हिले जागं कराले लागन." मला वाटलं, इंजिन बंद पडलं असेल. तसं नव्हतं. गाडी उत्तम चालत होती. त्याचं दुखणं वेगळंच होतं. स्टिअरिंग धरलं की खालचा रस्ता हाताला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. "ताई, लेथवर हत्यार लोखंडाले लागते ना, ते मनगटाले कळते. तसं कळलं पाहिजे. हे तर पाणी घातलेलं ताक आहे."

मग दोन वर्षं त्या ताकातलं पाणी काढणं चाललं. पॉवर स्टिअरिंगचा पंप काढून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पुण्याहून कडक स्प्रिंगा मागवल्या. चाकांच्या सांध्यात रबराचे जाड गोळे असतात, बुश म्हणतात त्यांना, ते रबर दबतं म्हणून त्याने काढून टाकले आणि मागावर धोट्याला ठोसा देणारे पिकर ज्या नायलॉनचे बनतात, त्याच नायलॉनच्या दांड्यातून लेथवर नवे बुश कातले. एकेक चार-चार वेळा. गिअरचा दांडा आखूड केला, नुसतं मनगट हललं की गिअर पडला पाहिजे म्हणून. सीटमधला अर्धा स्पंज उपसला, कारण रस्ता पाठीलाही कळला पाहिजे. तो उपसलेला स्पंज मला आणून दिला, वह्या तपासताना खुर्चीवर घ्यायला. मी म्हटलं, "तुझ्या पाठीला धोंडे आणि माझ्या पाठीला गादी?" तो म्हणाला, "तुले कुठं रस्ता पाहाचा आहे? तू तर घरातच बसते."

टोमणाच होता तो, आणि खराही होता. दर रविवारी सकाळी तो विचारायचा, "येतेस का? असीरच्या घाटापर्यंत जाऊन येऊ. देडतलाईकडे जाऊ. नाहीच तर चांदनीच्या रेल्वे फाटकापर्यंत, चहा पिऊन परत." आणि दर रविवारी माझ्याकडे कारण तयार असे. पेपर तपासायचे आहेत, कंबर धरली आहे, पाहुणे येणार आहेत. खरं कारण मी त्याला कधी सांगितलं नाही. केस पिकलेले बहीण-भाऊ लाल गाडीत बसून छप्पर उघडं टाकून जाताना माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी पाहिलं तर काय म्हणतील, याची मला लाज वाटायची. तो फाटक उघडून निघून जायचा. तासाभराने परत आला की धुळीने माखलेलं तोंड घेऊन स्वयंपाकघरात यायचा, हात पुढे करून म्हणायचा, "पाहा, अजून थरथरून राहिले." तेव्हा तो फार सुंदर दिसायचा. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी "आधी हात धू" म्हणत होते.

त्याच काळात एका सकाळी त्याने मला विचारलं होतं, "ताई, तुझं वजन किती?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "बहिणीला विचारायची गोष्ट आहे का ही?" तो म्हणाला, "काम आहे, सांग ना." मी पंचावन्न सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, "बरं" म्हणाला आणि मिशीत हसत शेडकडे गेला. मी ते विसरूनही गेले. दुपारी शेडमध्ये चहा घेऊन गेले तर गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या उंचीवर, लोखंडी खुंट्यांना सूत ताणून बांधलेलं. गावातलंच, मागावरचं पांढरं सूत. तो आणि सुपडू पट्टी घेऊन जमिनीवर पालथे पडलेले. चाकाची पुढची कड सुतापासून किती, मागची किती, असं मोजून चाकं सरळ लावणं चाललं होतं. सुताला माझा पदर लागला, तर दोघंही एकदम म्हणाले, "हलू नको!" मी चहा तिथेच ठेवून परत आले. शाळा तपासणीला आलेले साहेबसुद्धा माझ्याशी असं बोलले नव्हते.

गेल्या वर्षी पितृपक्षात त्याच्या छातीत दुखलं. इंदूरला नेलं, दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, धक्के नकोत. तपासण्यांसाठी तीन आठवडे तो तिथेच मावसभावाकडे राहिला आणि मी घर बघायला परत आले. दसरा जवळ येत होता. आमच्याकडे दसऱ्याला दारातलं प्रत्येक चाक पूजतात. त्याआधी गाडी धुऊन-पुसून, दुरुस्त करून ठेवायची ही रीतच आहे, वर्षभर रखडलेली सर्व्हिसिंगसुद्धा लोक त्या निमित्ताने उरकतात. माझ्या मनात आलं, अवी घरी येईल तेव्हा गाडी अशी व्हायला हवी की त्याला एकही धक्का बसणार नाही. मी हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये सब किसने किया है? गाडी तो पत्थर बना दी." मला तर हे दोन वर्षांपासून वाटतच होतं. कोणीतरी चुकांवर लाल शाईने गोल करून दिला की मला बरं वाटतं, तसंच झालं.

सुपडू म्हणाला होता, "ताई, एक वेळ अवीले विचारून घ्या." मी म्हटलं, "विचारलं तर तो नाहीच म्हणेल." यावर सुपडू काय बोलणार? मी त्याच्या दोन्ही मुलींना शिकवलं आहे. माळ्यावरचा पंप उतरवून पुन्हा बसवला. मऊ स्प्रिंगा आल्या, नवे रबराचे बुश आले, सीटला चांगला भरपूर स्पंज आला. कॉम्प्युटरवर चाकांचं अलाइनमेंट झालं, त्याचा छापील कागद मी जपून ठेवला. आणि काढलेल्या वस्तूंचा ढीग... ते त्याने चार-चार वेळा कातलेले पांढरे बुश, त्या स्प्रिंगा, तो आखूड दांडा... सगळं मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. दसऱ्याला घरात भंगार नको म्हणून. हे लिहिलंच पाहिजे. मी ते दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवी घरी आला. दुसऱ्या दिवशी मी गाडीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि त्याला म्हटलं, "बस आणि बघ." तो बसला. सीटमध्ये रुतला तेव्हाच त्याला कळलं असणार. चावी फिरवली, लिंबं फुटली, गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मी फाटकात उभी होते, शाबासकीची वाट बघत. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मस्त झाली, ताई. पाळणा झाली." मी आपट्याचं पान त्याच्या हातात दिलं. पाळणा म्हणजे कौतुकच, असं मी धरून चालले.

त्यानंतर त्याने रविवारी विचारणं सोडलं. गाडी आठवड्यातून एकदा जागेवरच सुरू करायचा, दहा मिनिटांनी बंद करायचा, वर कापड टाकायचा. मला वाटलं, तब्येतीला जपतो आहे. उलट मीच एकदा म्हटलं, "आता धक्के बसत नाहीत, चल, मी येते." खरंच म्हटलं होतं मी. तो म्हणाला, "जाऊ ना, घाई काय आहे?" आणि मी समाधानाने पोळ्या लाटायला गेले.

तेराव्यानंतर मी शेड आवरायला घेतली. सुपडू मदतीला आला होता. लेथच्या मागे कोपऱ्यात दोन पोती उभी होती, वाळू भरलेली, तोंडं शिवलेली. मी म्हटलं, ही बाहेर ओत, अंगणात पसरू. सुपडू जागचा हलला नाही. मी जवळ गेले. एका पोत्यावर अवीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "मी ६८". दुसऱ्यावर "ताई ५५". त्यातला पंचावन्न आकडा खोडून खाली "६१" केला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माझं वजन असतं. औषधं आणायला तोच जायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सुपडू म्हणाला, "चाकं सरळ लावताना गाडीत जो बसनार, त्याचं वजन सीटवर टाका लागते, ताई. रिकाम्या गाडीचं माप खोटं येते. हे पोतं त्याच्या सीटवर, हे बाजूच्या."

"पण तो तर एकटाच जायचा."

"तेच मी म्हणे त्याले. एकट्याच्या मापानं लाव म्हटलं. तर म्हणे, ताई बसन तव्हा गाडी तिच्याकडे ओढाले नको. दोन वर्षं तशीच चालवली त्यानं. एकटा असला की जराशी एका अंगाले जाये. म्हणे, जाऊ दे, चालते."

मी लेथजवळच्या स्टुलावर बसले. विचारलं, "दसऱ्यानंतर त्याने ती पुन्हा पहिल्यासारखी का नाही केली? लेथ तर पुन्हा चालवत होता."

सुपडू पायाने जमिनीवरचा लोखंडाचा कीस सारत राहिला. "मी म्हटलं होतं त्याले, बुश पुन्हा कातू, आठ दिवसांचं काम आहे. तर म्हणे, नाही. ताईनं जीव लावून केलं आहे. मी ते उघडलं तर तिले समजन की तिनं काय केलं."

समजलं, अवी. उशिरा समजलं, पण समजलं.

तू माझ्यावर रागवायला हवं होतंस. आयुष्यभर मी तुझ्या चुका काढल्या, तुला माझी एक चूक काढता आली नाही का? तू एकदा ओरडला असतास तर मी भंगारवाल्याच्या दारात जाऊन बसले असते. शहाणपणा करून माझं मन राखत बसलास, आणि आता मी या शेडमध्ये कोणाशी भांडू?

मागच्या आठवड्यात मी सुपडूला म्हटलं, ती पहिल्यासारखी कर. गाडी चालवणार कोण, हे त्याने विचारलं नाही. त्याने नायलॉनचा दांडा आणला आणि अवीच्याच लेथवर बुश कातले. अवीची मापं आता कोणालाच माहीत नाहीत, त्यामुळे अंदाजाने. स्प्रिंगा त्या जातीच्या मिळाल्या, गिअरचा दांडा काही जमला नाही. पंप पुन्हा कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. सीटमधला स्पंज मी स्वतः उपसला. काल दुपारी सुपडूने खुंट्या ठोकल्या, दोन्ही अंगांना सूत ताणलं, ते बोटाने टिचकी मारून पाहिलं. मग "मी ६८" लिहिलेलं पोतं उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं आणि दुसरं आणायला वळला.

मी म्हटलं, "ते राहू दे."

पदर खोचला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसले. फारच ठेंगणी आहे ती गाडी, बसताना कंबरेतून कळ आली. सीट खरोखर धोंड्यासारखी लागत होती. उजवीकडे पोतं माझ्या खांद्याला टेकलं होतं. सुपडू पट्टी घेऊन जमिनीवर पालथा पडला आणि खालून म्हणाला, "ताई, हलू नका."

चारही चाकांचं माप घ्यायला त्याला अर्धा तास लागला. मी हलले नाही.