जयसिंगरावांची पाठ

जयसिंगराव जगदाळे यांनी उमेदीची वर्षं होळकरांच्या रिसाल्यात घोड्यावर काढली. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, तेव्हा ते एका कापडगिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहिले. पुढे तेही काम सुटलं. पण पाठ तशीच ताठ राहिली. इंदूरला बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत पोरं लांबून ती पाठ बघूनच विड्या विझवायची.

ती पाठ गेली छप्पन सालच्या हिवाळ्यात. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरच्या कचेऱ्यांतली माणसंही तिकडे निघाली. जयसिंगरावांचा एकुलता एक मुलगा शरद त्यातलाच एक कारकून. ट्रकवर सामान चढत होतं. सुनेची लोखंडी पेटी हमालाच्या हातून घेऊन जयसिंगरावांनी स्वतः उचलली आणि कमरेत वीज चमकून गेली. तरी ते ट्रक वळणाआड जाईपर्यंत चौकट धरून उभे राहिले, मग आत येऊन जमिनीवर आडवे झाले. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कुठे भिंतीच्या आधाराने उठले. पत्नी भानुमती केव्हाच गेली होती. घरात आता दुसरं कुणी नव्हतं.

संक्रांतीला शरद येऊन गेला. म्हणाला, "बाबासाहेब, चला ना आमच्याकडे."

"मोटारीत बसवत नाही रे. पाठ बरी झाली की येतो."

"बरं," शरद म्हणाला. तो लगेच दुसऱ्या विषयाकडे वळला, हे जयसिंगरावांच्या लक्षात आलं.

मालिश झाली, शेक झाला, पहेलवानाकडून कंबर बसवून झाली. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना मागच्या खोलीत पाठवलं. तिथे मुंबईला व्यायामाचे उपचार शिकून आलेल्या यशोधराबाई बसत. पंचविशी ओलांडलेली, आवाज शांत.

बाईंनी त्यांना उभं केलं, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली आणि हळूहळू पुढे वाकायला सांगितलं. जयसिंगराव दचकले. भानुमती गेल्यापासून त्यांच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. मालिशवाल्याचा हात वेगळा. तो रगडायचा. हा हात नुसता ऐकत असल्यासारखा होता.

"काकासाहेब, माणूस वाकायला लागला की हे दोन दोर ताणतात, त्याला सावरून धरतात. पण पूर्ण खाली गेल्यावर ते आपोआप सुटतात, सैल पडतात. तुमचे सुटतच नाहीत. बघा, लकडीसारखे आहेत."

"रिसाल्यात सैल सोडलं तर घोडा फेकून देतो, बाईसाहेब."

"इथे घोडा कुठाय?" बाई हसल्या. "पाठ एकटीच पहारा देतेय. पोट झोपलंय. त्याला उठवू, म्हणजे पाठीला सुट्टी मिळेल."

मग त्या त्यांना सतरंजीवर उताणं निजवून गुडघे वर घ्यायला लावत. कमरेखालच्या पोकळीत स्वतःचा पंजा सरकवत आणि म्हणत, "माझा हात दाबा. पायांनी नाही, श्वास कोंडून नाही, पोटाने." पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. जयसिंगरावांचा चेहरा लाल झाला, मांड्या थरथरल्या, पंजा मोकळाच राहिला. आपल्याच शरीरात हुकूम न ऐकणारं कुणी आहे, याचं त्यांना नवल वाटलं. कितीतरी दिवसांनी बेंबीच्या खाली काहीतरी हललं, कंबर अलगद खाली टेकली आणि बाई म्हणाल्या, "हां! हेच. आलं बघा."

घरी ते हाच व्यायाम करत. कमरेखाली घडी केलेला पंचा ठेवत. पंचा दाबला गेला तरी तो "आलं" म्हणत नसे. म्हणून आठवड्यातला दवाखान्याचा दिवस उजाडला की ते पहाटेच दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसायचे.

उन्हाळ्यापर्यंत दुखणं ओसरलं. मग एका सकाळी विहिरीवरून भरलेली बादली आणली आणि ती खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की कमरेकडे आपलं ध्यानच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ते ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. दवाखाना सुटणार होता. आणि आता भोपाळला न जायला कारणही उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "कसं आहे?"

"दुखतं," ते म्हणाले. "खूप दुखतं."

बाईंनी बोटं ठेवली. जयसिंगराव कण्हत कण्हत वाकले. पार खाली गेले. बोटांखालचे दोर ताणले, आणि मग लोण्यासारखे विरघळले.  बाईंनी दुसऱ्यांदा वाकायला सांगितलं. पुन्हा तेच झालं.

"काकासाहेब, घरी कोण कोण असतं?"

जयसिंगराव खाली वाकलेलेच राहिले. त्या अवस्थेत तोंड दिसत नव्हतं, ते बरं होतं. "कोणी नसतं," ते म्हणाले.

बाईंनी हात लगेच काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "या हळूहळू वर. पाठ उत्तम झालीय तुमची. इथे यायची गरज नाही आता. कुणाकडे तरी जाऊन या."

मग ते भोपाळला गेले. शरदला नवं सरकारी क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्यांचं. सगळे चांगलेच वागले. शरद सकाळी कचेरीत जायचा तो दिवेलागणीला यायचा, जेवताना साहेबांबद्दल बोलायचा. जयसिंगराव ओसरीत खुर्ची टाकून ओळीने सारखी दिसणारी घरं बघत. एकदा तर फिरून येताना भलत्याच दारात उभे राहिले.

निघायच्या पहाटे सून रमा चहा घेऊन आली आणि पदर सावरत दाराशीच थांबली.

"बाबासाहेब, तुमची पाठ कशाने बरी झाली? मुन्ना झाल्यापासून माझी कंबर धरते. यांना सांगितलं तर म्हणतात, सगळ्याच बायकांचं दुखतं."

सुनेच्या कमरेखाली हात कसा ठेवणार? त्यांनी तिला सतरंजी टाकायला सांगितली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले.

"गुडघे वर घे. आपलाच पंजा कमरेखाली घाल. आता तो दाब. पायांनी नाही हां, पोटाने. श्वास चालू दे."

मागे बांगड्या किणकिणल्या.

"नाही जमत."

"मलाही नव्हतं जमत. घाई नको."

आत मुन्ना रडायला लागला, शरदने झोपेतच रमाला हाक मारली. ती उठली नाही. भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत जयसिंगराव थांबून राहिले.

"आलं वाटतं," रमा हळूच म्हणाली.

"रोज करत जा," ते म्हणाले, आणि मग तिने हाक ऐकून आत जावं म्हणून स्वतःच उठून बाहेर गेले.

शरदने त्यांना इंदूरच्या मोटारीत बसवून दिलं. "पुन्हा या, बाबासाहेब," तो म्हणाला आणि घड्याळ बघत कचेरीच्या वाटेला लागला. मोटार वाटेत आष्ट्याला थांबली तेव्हा शेजारच्या व्यापाऱ्याने शेव पुढे केली.

"कहाँ गए थे, दादा?"

"बेटे के यहाँ."

"रुके नहीं?"

"रुका था," जयसिंगराव म्हणाले. त्यांनी चिमूटभर शेव घेतली आणि मोटार सुटेपर्यंत ती तशीच हातात धरून ठेवली.