इतिदालच्या मापाचं पद

रविवारी, कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच सकाळी, नगरपालिकेच्या नियोजन खात्याबाहेर नोटीस लागली, तेव्हा इतिदाल नकाशांच्या खोलीत एका फाटक्या नकाशाला पट्टी चिकटवत होती. तेवीस वर्षं ती याच खोलीत होती. राजधानी अम्मानहून आलेले इंजिनियरसुद्धा हद्दीचं घोडं अडलं की तिच्याच दारात येत.

शेजारच्या टेबलावरचा मुफीद आत आला. मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म रकान, म्हणजे रकानची आई, म्हणत. "उम्म रकान, दोन मोठी पदं निघालीत. उपप्रमुख. एक परवान्यांसाठी, एक जमीनवापरासाठी."

"मग? नगराध्यक्षांच्या भाच्याला मुबारक."

"आधी अटी तर वाचा."

तिने वाचल्या. परवान्यांचं पद भाच्याच्या पदवीला बरोब्बर बसत होतं, त्यात नवल नव्हतं. पण दुसऱ्याला याच खात्यातली वीस वर्षं हवी होती आणि जुन्या मोजणीचे नकाशे वाचता यायला हवे होते. असं माणूस अख्ख्या नगरपालिकेत एकच होतं.

"शिंप्यानं मापच तुमचं घेतलंय," मुफीद म्हणाला.

तिला हसू आलं नाही. तेवीस वर्षांत ज्यांनी तिची मोडकी खुर्ची बदलली नाही, ते आज पद घेऊन दारात का उभे? कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांनी बोलावून स्वतःच्या हातानं वेलचीची कॉफी ओतली. "हा तुमचा हक्कच होता हो. आम्हालाच उशीर झाला."

इतकं गोड ऐकून तिचा संशय दुणावला. "पदाची कामं लेखी बघायला मिळतील?"

"कागद काय, निघतील."

कागद निघायला तीन दिवस लागले. आठव्या कलमात लिहिलं होतं: जमीनवापर बदलण्याची अंतिम सही उपप्रमुखाची, प्रमुखाची गरज नाही. तिने कपाट उघडलं. अंतिम सहीसाठी एकच फाईल अडून होती. गावाखालच्या कोरड्या ओढ्यात ऐंशी घरं बांधायची होती. खातेप्रमुख नव्वाफ यांनी ती पाच महिने दाबून ठेवली होती.

ती त्यांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"साहेब, ओढ्याच्या फाईलवर सही का नाही केलीत?"

नव्वाफ चष्मा पुसत राहिले. "माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत."

"म्हणून माझी सही?"

"हे पद काढायला मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "पण नकोही म्हटलं नाही."

घरी नवरा द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "नको घेऊस."

"मी नाही घेतलं तर नकाशा न वाचता येणारा कुणीतरी शोधतील."

"एवढंच कारण?"

तीही एक पान उचलून भात भरू लागली. दारावर आपल्या नावाची पाटी तिलाही हवी होती. ओढ्याची काळजी किती आणि पाटीची हाव किती, याचा तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. तरी तिने अर्ज केला.

पद मिळालं आणि चौथ्याच दिवशी फाईल टेबलावर आली. तिने लिहिलं, "हा पाण्याचा मार्ग आहे. बांधकामास नकार." खाली सही केली, जुन्या नकाशाची प्रत जोडली आणि एक प्रत अम्मानला मंत्रालयात धाडली.

नगराध्यक्ष रागावले नाहीत. फक्त सलामाला उत्तर देईनासे झाले. दीड महिन्यात दोन्ही पदं एकत्र करून भाच्याला दिली आणि इतिदाल पुन्हा नकाशांच्या खोलीत आली.

एका दुपारी भाचा ओढ्याची तीच फाईल, आता फेरविचारासाठी आलेली, घेऊन तिच्याकडे आला. "मावशी, इथं खरंच पाणी येतं?"

मामानं पाठवलाय की काय, म्हणून तिने त्याचा चेहरा निरखला. "जानेवारीच्या पावसात तुमची गाडी तिथं लावून बघा."

तो हसला, मग हसणं थांबलं. खाली वाकून त्यानं तिची सही वाचली. तिच्या नकाराखाली होकार लिहायचा, तर तो नावानिशी लिहावा लागणार होता.

"मला नकाशा वाचायला शिकवाल?"

"बसा," ती म्हणाली. मूळ नकाशा कुलुपातच ठेवून तिने त्याच्यापुढे प्रत पसरली.

फाईल अजून त्याच्या सहीविना पडून आहे.