रंगाऱ्याचा उजवा खांदा

डॉक्टर म्हणाले, "हात वर करा," आणि रंगाऱ्याने केला. सरळ वर, कानाला टेकवून. वर हसलाही. झालं. महिनोन्‌महिने कागद गोळा करून, या खिडकीवरून त्या खिडकीवर चपला झिजवून जो दिवस उगवला होता, तो त्या एका हसण्यात पाण्यात गेला. 'काम करण्यास सक्षम' असा शेरा घेऊन नवरा-बायको इस्पितळाच्या पायऱ्या उतरले आणि बसथांब्यापर्यंत बायको एक अक्षर बोलली नाही. ती बोलत नाही याचा अर्थ काय होतो, हे रंगाऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. तो पिशवी डाव्या हातात धरून दोन पावलं मागून चालत राहिला.

तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. उशांचे अभ्रे शिवून दुकानात देते, आणि मशीन जितकी जोरात चालते तितकी ती चिडलेली आहे असं शेजारी समजतात. त्या दिवशी बस येईपर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा तुमच्या घराण्यात आधीपासून आहे," तिने विचारलं, "की तुम्हीच काढलीत?"

"सवय लागलीय गं," रंगारी म्हणाला. "कोणी हात वर म्हटलं की जातो."

आता या हाताची कथा सांगायलाच हवी. रंगाऱ्याचा उजवा खांदा कामातून गेला त्याला काही वर्षं झाली. छताकडे मान करून रोलर फिरवायचा, दिवसेंदिवस, वर्षानुवर्षं. खांदा तरी किती सोसणार? घरात त्याचा सदरा वहिनी घालून द्यायची. भांग तीच पाडायची. साबणाची डबी, आरसा, खुंटी, रेडिओ, घरातली एकेक वस्तू हळूहळू हातभर खाली उतरली होती, आणि पाहुण्यांना वाटायचं की घरात लहान मूल आलंय.

पण नाक्यावर यातलं काही कोणाला ठाऊक नव्हतं. सकाळी नाक्यावर ठेकेदार गाडीतून उतरतो आणि केस पिकलेल्या रंगाऱ्यांना आधी हात वर करायला लावतो. ज्याचा जाईल तो गाडीत, नाही जाणार तो घरी. रंगाऱ्याने यावर तोड काढली होती. कंबर किंचित डावीकडे झुकवायची, कोपर मागून झोका देऊन फेकायचं, हात वर गेला की मनगट डोक्याला टेकवून ठेवायचं म्हणजे तो पडत नाही. कळ येते तेव्हा तोंड वाकडं होतं, म्हणून हसायचं. पुढे कामावर छत आणि भिंतीचा वरचा भाग त्याचा जोडीदार उरकायचा आणि हा दारं, खिडक्या, खालची पट्टी. दोघांचं मिळून एक धड माणूस व्हायचं. मग जोडीदार लेकीकडे राहायला गेला, आणि उरलेल्या अर्ध्या माणसाला कोण ठेवणार?

म्हातारपणाची पेन्शन पासष्टाव्या वर्षी. रंगारी सत्तावन्नचा. आयुष्यभर लोकांच्या भिंती उजळल्या, पण एकाही ठेकेदाराने त्याच्या नावाने फंडात छदाम भरला नाही. रोजचा हिशेब रोज, आणि उद्या तू कोण नि मी कोण. कामाला म्हातारा आणि पेन्शनला तरणा, अशी ही मधली आठ वर्षं. त्यातून एकच वाट निघत होती, अपंगत्वाच्या पेन्शनची, आणि तिच्या दारात उभं राहून या गृहस्थांनी हसत हसत हात वर केला होता.

त्यानंतर आठवडाभर मशीन इतकी धडधडत होती की वरच्या मजल्यावरून निरोप आला. त्याच आठवड्यात एक संशोधनवाली मुलगी आली. विद्यापीठातर्फे फिरत होती. हातावर पोट असलेली माणसं काम थांबल्यावर आणि पेन्शन सुरू होण्याआधी जगतात कशी, हा तिचा अभ्यासाचा विषय. वहिनीला तो विषय ऐकूनच संताप आला. जगतात कशी म्हणे. बघ की, ही अशी.

मुलीने टॅब उघडला. "काका, मी एकेक काम सांगते. तुम्ही सांगायचं, अजिबात त्रास होत नाही, थोडा होतो, खूप होतो, की जमतच नाही. अंगात कपडे घालणं?"

"थोडा," रंगारी म्हणाला.

स्वयंपाकघरात भांडं आपटलं.

"डोक्यावरच्या फळीवरची वस्तू काढणं?"

"थोडा."

"आमच्याकडे डोक्यावर फळीच राहिलेली नाही," वहिनी ओले हात घेऊन बाहेर आली. "सगळ्या फळ्या गुडघ्याला आणल्यात. लिही, जमतच नाही."

मुलगी ओशाळली. "काकू, उत्तर त्यांचंच लिहावं लागतं."

"मग त्यांना कशाला विचारतेस? यांना उद्या चितेवर ठेवलं आणि विचारलं ना, त्रास होतोय का, तर म्हणतील थोडा."

रंगारी टाचेने फरशीवरचा रंगाचा जुना डाग खरवडत बसला होता. मुलगी हसली, मग तिच्या लक्षात आलं की इथे कोणी हसत नाहीये. तिने टॅब बंद केला आणि सांगितलं की शेऱ्याविरुद्ध तीन महिन्यांत अपील करता येतं, दुसरे डॉक्टर तपासतात. नाक्यावरच्या कितीतरी जणांचं असंच झालंय, असंही ती म्हणाली. वहिनीला त्याने समाधान वाटलं नाही. दुसऱ्याचंही घर बसलंय म्हणून आपल्या घराला टेकू मिळत नाही.

अपील केलं. आणि वहिनीने तालीम सुरू केली. गळ्यात मोजपट्टी टाकून ती स्टुलावर डॉक्टर होऊन बसायची.

"हात वर करा."

रंगाऱ्याची कंबर झुकायची, कोपर मागे जायचं आणि हात वर. वर हसू.

"परत," वहिनी कपाळावर हात मारून म्हणायची. "आणि हसलात तर आज जेवण नाही."

परत तेच. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी रंगारीच वैतागला.

"अगं, जातोय तो हात जात नाही असं कसं सांगू? खोटं होईल ते."

"आणि इतकी वर्षं ठेकेदारापुढे वर करत होतात, तेव्हा काय राजा हरिश्चंद्र होतात?"

"ते पोटासाठी होतं."

"आणि हे कशासाठी आहे? हौस म्हणून?"

रंगारी खाटेवर बसला. मग म्हणाला, "तो लांबड्या आठवतो? लोखंडी दारं रंगवायचा तो. त्याला मिळालं सर्टिफिकेट. पेन्शन चालू व्हायला वर्ष गेलं. पण नाक्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. कोणी उभं करेना. गेट रंगवायला हात वर लागतो का? पण नाही. एकदा कागदावर निकामी लिहिलं की लिहिलं. मी अजून चार दारं करतो महिन्यात, दोन खिडक्या करतो. तेवढंही गेलं तर?"

 वहिनीला पहिल्यांदाच पटलं की हा माणूस गाढवपणा करत नव्हता, हिशेब करत होता; आणि त्यामुळे तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध टेबल टाकून बसलेले लोक विचारतात, पूर्ण धड आहात की पूर्ण निकामी, एक काय ते सांगा. अर्ध्या माणसासाठी यांच्याकडे रकानाच नाही. तिने मोजपट्टी गळ्यातून काढली आणि मशीनवर फेकली.

"तुमची चार दारं मी अभ्रे शिवून भरून काढते," ती म्हणाली. "पण येत्या आठ वर्षांची दारं नाही भरून निघायची माझ्याने. सगळी सोंगं आणता येतात हो, पैशाचं आणता येत नाही."

अपिलाच्या दिवशी तपासायला वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा कपाळावर, समोर जुना कागद. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

"हात वर करा."

रंगाऱ्याची कंबर डावीकडे झुकली. कोपर मागे गेलं. वहिनीने डोळे मिटले. मनात म्हणाली, बुडालो.

"नाही होत," रंगारी म्हणाला.

तिने डोळे उघडले. हात खाली, मांडीला लागून होता. बाईंनी कागद पाहिला. "मागच्या वेळी झाला होता. इथे लिहिलंय तसं."

इथे खरी पंचाईत होती. मागचं खरं मानलं तर आजचं सोंग, आणि आजचं खरं मानलं तर मागची लबाडी. तालमीत याचं उत्तर वहिनीने शिकवलंच नव्हतं. 

"तो असा केला होता," रंगारी म्हणाला, आणि नव्या पोराला ब्रश धरायला शिकवावं तशा सावकाशीने त्याने दाखवलं. कंबर इथे. झोका इथून. मनगट इथे टेकवायचं. "कळ इथे येते. इथे हसायचं. नाक्यावर सगळे जुने असंच करतात, बाई. नाहीतर गाडीत घेत नाहीत."

बाई उठल्या. त्यांनी मागून एका हाताने त्याची कंबर घट्ट धरली, दुसऱ्या हाताने कोपर मागे जाऊ दिलं नाही आणि म्हणाल्या, "आता करा."

हात सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत आला आणि थांबला. रंगारी ओठ चावून जोर लावत होता, मानेची शीर फुगली होती. हात तिथून पुढे गेला नाही. बाई खुर्चीत बसल्या आणि लिहू लागल्या. पेन्शनची शिफारस करते म्हणाल्या, कागद पुढे जायला काही महिने लागतील म्हणाल्या. रंगाऱ्याने डाव्या हाताने नमस्कारासारखं काहीतरी केलं.

बाहेर आल्यावर तो वहिनीच्या बरोबरीने चालत होता, आज मागून नाही.

"बरोबर बोललो ना?" त्याने विचारलं.

"बरोबर बोललात."

तिला हवं ते सगळं मिळालं होतं. 'नाही होत' हेच दोन शब्द त्याच्या तोंडून काढायला ती इतके दिवस भांडली होती. पण भांडताना तिच्या मनात एका कोपऱ्यात कायम होतं की थोडा हट्ट आहे, थोडी सवय आहे, मनात आणलं तर हा माणूस उद्या परत शिडीवर चढेल. तो अडलेला हात आणि सदऱ्याचं दुसरं बटण आता तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. रागवायला तिला कोणी सापडेना. बस येईपर्यंत ती थांब्यावर त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली, आणि तिला फार वाटलं, या माणसाने अजून एकदा हात वर करून दाखवावा, खोटा का होईना.