बाहेर ओळख न देणारा

सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकारांची ओपीडी असायची. आईला घेऊन मी जायचो, तेव्हा तो दारातच उभा असे. पगारी नव्हता. त्याच बाकांवर कित्येक वर्षं पेशंट म्हणून बसला होता आणि सावरल्यावर मदतीला येऊ लागला होता. केसपेपर काढून द्यायचा, रडणाऱ्या बायकांना पाणी आणून द्यायचा. स्वतःची दुपारची गोळी मुद्दाम सगळ्यांसमोर गिळायचा आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडायचा, "बघा, मी बी खातोय की!"

हळूहळू आई बरी झाली, चुलीपाशी बसू लागली. एके दिवशी ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी शाहूपुरीत चहा पीत होतो आणि तो समोरून आला. मी हरखून हाक मारली, "अहो, आईनं आज भाकरी केली!"

तो थांबला. माझ्या सोबत्यांकडं बघून हळूच म्हणाला, "माणूस चुकला तुमचा, पावणं." आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

मंगळवारी मी घुश्शातच जाब विचारला.

"ह्येला कुठं वळखता, असं तुमच्या सोबत्यांनी इचारलं असतं तर काय सांगणार हुता?"

"खरं ते सांगितलं असतं."

"आईला इचारलंय?"

मी हातातल्या केसपेपरची घडी घातली.

"बाहेर मी कुणालाच वळखत न्हाय," तो म्हणाला. मग बाकावर सरकून त्यानं माझ्यासाठी जागा केली. "हितं बोला की. फुगली का भाकरी?"