मामांचा खोकला परत द्या

गेल्या रविवारी सकाळी सव्वादहा वाजता गेवराईत माझ्या आत्याच्या मालकांवर, म्हणजे नवऱ्यावर, अन्याय झाला. त्यांना आम्ही मामा म्हणतो. या जगात हिप-हॉप कुणी खऱ्या अर्थानं ऐकलं असेल तर ते मामांनी. बाकी आपण सगळे नुसत्या माना हलवतो. आजवर मी पाण्यासाठी, रस्त्यासाठी, वसतिगृहासाठी पत्रकं काढली. हे मामांसाठी आहे, आणि ते काढू नकोस म्हणून त्यांनी मला तीनदा बजावलंय.

मामा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मशिनचं बेअरिंग बिघडलंय का हे बघायचं तर फिटर लांब पेचकसाचं टोक मशिनला लावतो आणि मूठ कानाला. मामा गाणंही तसंच ऐकतात. स्पीकरला पेचकस, पेचकसाला कान, डोळे मिटलेले. सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनी एकदा हे बघून आत्याला बाजूला घेतलं, "कधीपासून हाय असं?" आत्या म्हणाली, "लग्नापासून. तवा रेडिओ होता." तपासणी झाली की निकाल लागतो: "ढोल ढिला हाय." नाहीतर, "पोरगं दम चोरतंय." शेजारच्या वरातीत त्यांनी डीजेच्या स्पीकरच्या भिंतीलाही पेचकस लावला होता. तपासणी होईस्तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळला.

'सरकी' ही आमच्याच गल्लीतल्या, रॅप करणाऱ्या चार पोरांची टोळी. त्यांच्याकडं माइक होता, जागा नव्हती. मामांनी मागची खोली दिली, भिंतींना गोधड्या टांगू दिल्या. अट एकच, त्यांची फिटरची हत्यारं हलवायची नाहीत. पण जिनिंगमधला कापूस मामांच्या छातीत बसलेला. 'दुसरी पाळी' हे गाणं रेकॉर्ड करताना पोरं चाचरत म्हणाली, "मामा, जरा भायेर बसता का?" मामा बाहेर बसले, तोंडात टॉवेल कोंबून. तरी दुसऱ्या कडव्याच्या शेवटी खोकला आलाच, आणि आला तो नेमका ठोक्यावर. पोरांनी तो ठेवला. पुढं कार्यक्रमांत गाणं त्या जागी आलं की अख्खी पब्लिक एकदम खोकायची. मामा मागं उभे राहून खाली बघून हसायचे, आणि घरी येऊन आत्याला सांगायचे, "आज सगळं माजलगाव खोकलं."

आता टोळीचा नवा अल्बम आलाय, 'गठाण', म्हणजे दाबून बांधलेली कापसाची गाठ. पुण्यातल्या स्टुडिओत केलेला. रविवारी मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पेचकस पुसला. सहा गाणी पास झाली. सातवं 'दुसरी पाळी', नव्यानं गायलेलं. दुसरं कडवं संपलं. खोकला नाही. त्या जागी दोन ठोके मोकळे, धुतल्यासारखे स्वच्छ. कान चुकला असेल म्हणून मामांनी गाणं मागं घेतलं. कान चुकला नव्हता.

मी पेटले. तिथूनच टोळीतल्या एकाला फोन लावला. "खोकला कावून काढला रे?"

"ताई, साउंडवाला म्हणला, आवाज खराब हाय तेवढा. आमी सांगितलं त्याला, ठेव म्हणून."

"सांगितलं आन् गप बसलात?"

मी फोन ठेवला.

मी तिथंच मथळा लिहिला: कष्टकऱ्याचा खोकला दाबणाऱ्यांचा जाहीर निषेध. मामा म्हणाले, "खोड ते. गठाणीत कचरा ऱ्हायला तर मालाला नाव ऱ्हात न्हाई. लेकरांचा माल साफ झालाय."

"तुमी कचरा हाव का मग?"

मामा पेचकसाची मूठ पुसत बसले. मग म्हणाले, "अल्बम चांगला हाय. लई चांगला हाय." एवढंच. ढोल नाही, दम नाही, काही नाही. वीस वर्षांची मी, पण इतका छोटा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. नंतर त्यांनी गाणं पुन्हा लावलं, आणि दुसऱ्या कडव्यानंतर त्या मोकळ्या जागेत, टॉवेल तोंडाशी धरून, हळूच खोकले. "आता बसलं," म्हणाले.

नव्या औषधानं खोकला उतरतोय, आत्या खूश आहे. मीही आहे. पण परवा त्या जागी त्यांना खोकला आलाच नाही. दोन ठोके होईस्तोवर मामा स्पीकरकडं बघत राहिले आणि गाणं पुढं गेलं.

म्हणून माझी मागणी टोळीकडं नाही, स्टुडिओकडं नाही. तुमच्याकडं आहे. 'दुसरी पाळी' लावा. दुसरं कडवं संपलं की दोन ठोके मोकळे येतील. तिथं खोकायचं. मोठ्यानं, गेवराईपर्यंत ऐकू येईल असं.