दोन मीटर मागे

एक्स-रे विभागातल्या या माणसाला सगळे पाठीमागे 'दोनमीटर' म्हणायचे, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. मशीन सुरू करण्याआधी जो दिसेल त्याला तो मागे हाकलायचा. दोन मीटर म्हणजे दोन मीटर, मग समोर मोठे डॉक्टर असोत नाहीतर झाडूवाली. एरवी गडी अबोल, पण या एका गोष्टीवर तोंडाचा पट्टा सुटायचा. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी एकानेही कधी हयगय केली नाही, हेही तितकंच खरं.

त्याचा दादा जाऊन महिना होत आला होता. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानेच याला वाढवलं, स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर टाकून याला शिकवलं. असा माणूस गेल्यावर रडू यायला हवं. याला येत नव्हतं. कामावर जायचा, जेवायचा, झोपायचा, सगळं दुसऱ्याच कुणाचं चालल्यासारखं. लोक म्हणायचे, धीराचा आहे हो. कसला धीर नि कसलं काय, माणूस आतून नुसता बधिर झाला होता.

त्यात वहिनीचा प्रश्न. शेवटच्या दिवशी दुपारी ती डॉक्टरांना भेटायला खाली गेली, ती बजावूनच गेली, "भावोजी, यांचा हात सोडू नका. घाबरतात ते." परत वॉर्डात आली तेव्हा सगळं संपलं होतं. तेव्हापासून रोज, कपड्यांच्या घड्या घालता घालता, भांडी पुसता पुसता ती विचारायची, "हात धरला होता ना तुम्ही?"

"हो," तो म्हणायचा, आणि दुसरीकडे बघायचा.

शेवटी धरला नव्हता. छातीत पाणी किती झालंय ते बघायला चाकांचं मशीन खाटेशी आणलं होतं. आणणारी त्याचीच जुनी विद्यार्थिनी. तिने शिकवल्याबरहुकूम खणखणीत आवाज दिला, "एक्स-रे! मागे व्हा." आणि याचे पाय मागे गेले. काय करतोय हे डोक्यात येईपर्यंत तो भिंतीशी उभा होता. दादाचा हात चादरीवर चाचपडत होता, तेही त्याने तिथूनच पाहिलं. मशीन वाजलं. तो खाटेपाशी पोचला तेव्हा दादाचा श्वास थांबला होता.

शनिवारी तो एक्स-रे शिकणाऱ्या मुलांचा वर्ग घ्यायचा. त्या शनिवारी विषय होता, इलेक्ट्रॉनवर आपटून प्रकाश कसा विखुरतो. एक्स-रे हाही प्रकाशच, डोळ्यांना न दिसणारा इतकंच. हा धडा तो दरवर्षी घरी येणाऱ्या पाहुण्यांचं उदाहरण देऊन सांगायचा.

"पहिला प्रकार सौम्य प्रकाशाचा. येतो, इलेक्ट्रॉनला नुसता डोलवतो, आणि तेवढ्याच ताकदीने दुसऱ्या दिशेला निघून जातो. म्हणजे आजाऱ्याला बघायला आलेला लांबचा काका. खुर्चीत बसला, मान हलवली, आला तसा गेला." मुलं हसली. "दुसऱ्यात धडक जोराची. इलेक्ट्रॉन जागचा उडतो, प्रकाश आपल्यातलं थोडं त्याला देतो आणि अशक्त होऊन पुढे जातो. जितका माघारी वळेल तितकं जास्त गमावतो. हा खरा मित्र, स्वतःचा खिसा हलका करूनच जाणार. आपल्या खोलीत अंगावर येतो तो बहुतेक हाच. आणि लक्षात ठेवा, तो रोग्याच्या अंगातून उसळून येतो."

"आणि तिसरा, सर?" कुणीतरी विचारलं. वरच्या वर्गातल्यांनी सांगून ठेवलेलं असणार.

"तिसरा उलटा. इथे इलेक्ट्रॉनच भन्नाट पळत असतो आणि तो आपली ताकद प्रकाशाला देऊन टाकतो. असं दूर आकाशात घडतं, आपल्याकडे नाही. आपल्याकडे घडतं ते फक्त आमच्या घरात. तो माझा दादा." वर्ग पुन्हा हसला. वाक्य दरवर्षीसारखंच बाहेर पडलं होतं, आणि त्याला काहीच वाटलं नाही.

मग पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, फोटो काढताना कुणी रोग्याचा हात धरून उभं राहिलं, तर त्याच्या अंगावर कितीसे किरण येतील?"

तो फळ्याकडे वळला, आकडे मांडले. जमिनीतून आणि आकाशातून दिवसभरात जेवढे किरण सगळ्यांच्याच अंगावर येतात, त्याहूनही कमी निघाले. हे उत्तर त्याने कितीदा तरी शिकवलं होतं.

"एकदाच असेल तर जवळजवळ काहीच नाही," तो म्हणाला.

"मग धरायला हरकत नाही?"

"हरकत नाही," असं म्हणून त्याने खडू ठेवला आणि वर्ग लवकर सोडला.

घरी आला तेव्हा वहिनी मटार सोलत बसली होती. तिने विचारायच्या आधीच तो बोलला. "वहिनी, मी हात सोडला होता. आवाज आला आणि मी मागे झालो. दादा शोधत होता मला."

वहिनीचे हात चालूच राहिले. ती म्हणाली, "मी दारापर्यंत आले होते."

"कधी?"

"त्या मुलीने आवाज दिला तेव्हा. मग बाहेरच थांबले. तुम्हीच सांगितलं होतं ना, आवाज आला की आत यायचं नाही." तिने एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. "म्हटलं, असू दे, भावोजी आहेत आत. म्हणून रोज विचारायचे. तुम्ही हो म्हणालात की मला दोन घास जायचे."

तो तिच्यासमोर बसून राहिला. सोललेले मटार तसेच पडून राहिले, आणि त्या संध्याकाळी त्या घरात कुणी जेवलं नाही.