पागोळीचं पाणी

पत्र्यावरून पागोळ्या गळायला लागल्या की मला आमचं ताम्हिणीतलं दार आठवतं. माझ्या वडिलांचं, दादांचं, हृदय पार थकलं होतं. अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे. म्हणून डॉक्टरांनी दिवसभरात एकच तांब्या पाणी प्यायला सांगितलेलं. बाहेर पाऊस खळायचं नाव घेत नव्हता. एका दुपारी दादांनी दाराबाहेर ओंजळ धरली. आईने धावत येऊन ती सांडून टाकली, त्यांचे तळवे पदराने कोरडे पुसले.

"लई तहान लागलीया गं," दादा म्हणाले.

"म्हाईत हाय मला," म्हणत तिने दार लावून घेतलं.

तेव्हा ती मला निर्दय वाटली.

दादांच्या दहाव्याला आई पिंडावर पाणी ओततच राहिली. भटजी म्हणाले, "बास आता."

"पिऊ द्या की त्यास्नी," आई म्हणाली.